मेलेल्या गड्याचे काय करावयाचे?

आपल्यापैकी ज्यांनी लहानपणी हुतूतूच्या मैदानाची धूळ अंगाला लावून घेतली आहे, त्यांना खेळात मरणे म्हणजे काय हे मी सांगावयास नको. चढाईवर गेलेल्या गड्याचा दम तुटला की तो 'मेला'. त्याने मुकाट्याने रेघेबाहेर जाऊन बसावयाचे. परंतु मेल्यावर पुढे काय, या प्रश्नाला आपल्याकडे एक सोडून तीन उत्तरे होती. संजीवनीच्या खेळात प्रतिपक्षाचा एक गडी मेला की आपला एक मेलेला गडी जिवंत होऊन परत मैदानात येई. गामिनीत मेला तो मेलाच. आपल्या बाजूचे सर्व गडी बाद होईपर्यंत त्याने बाहेर बसून राहावयाचे. आणि अमर नावाच्या तिसऱ्या प्रकारात कोणी मैदान सोडीतच नसे. मरणाचा नुसता गुण मांडावयाचा आणि खेळ पुढे चालू. गावात गामिनी खेळणारी पोरे जपून खेळत आणि अमर खेळणारी बेफाम खेळत, एवढे मला चांगले आठवते. मरणाचा नियम बदलला की त्याच पोराचा स्वभाव बदले.

तिन्ही प्रकारांत एक गोष्ट मात्र समान होती. मेलेल्या गड्यासाठी कोणी रडत नसे. तो उठून, चड्डी झटकून, संध्याकाळी घरी जेवावयास जाई. बुद्धिबळातला मेलेला उंट डबीत पडतो, त्याचेही कोणी सुतक धरीत नाही. आज मी ज्या खेळाविषयी बोलणार आहे त्यात मात्र माणसे रडतात. निदान एकदा तरी मी ते स्वतः पाहिले आहे, आणि तेही माझ्याच घरी.

माझी भाची शिक्षणासाठी आमच्याकडे राहते. दर शनिवारी संध्याकाळी तिचे पाच मित्रमैत्रिणी आमच्या जेवणाच्या टेबलाभोवती जमतात. प्रत्येकापुढे एक कागद, एक शिसपेन्सिल आणि चित्रविचित्र फासे : चार बाजूंचे, सहा बाजूंचे, आठ, दहा, बारा आणि वीस बाजूंचे. पट असला तर असतो, नसला तरी अडत नाही. त्यांच्यापैकी एक जण सूत्रधार होतो. जग, ऋतू, शत्रू, सरायांचे मालक, सारे त्याच्या तोंडून बोलतात. बाकीचे प्रत्येकी एक पात्र घेतात, आणि ते पात्र काय करते, काय बोलते हे स्वतः ठरवितात. बेत साधला की फसला हे पुष्कळदा फासा सांगतो. नाटक म्हणावे तर संहिता नाही, आणि खेळ म्हणावे तर कोणी जिंकत नाही. भाचीचे पात्र होते रेवा नावाची नावाडीण. बापाची होडी लुटारूंनी जाळली म्हणून तिने तलवार हाती घेतलेली. चौदा महिने दर शनिवारी रेवा आमच्या घरी येत होती म्हणा ना! माझी पत्नीसुद्धा चहा देताना विचारी, "रेवा कुठवर पोहोचली ग?"

एका शनिवारी रेवा एका पुलावर पडली. खोलीत एकाएकी शांतता झाली. कोणी तरी हळूच म्हणाले, "मेली नाही अजून. फासे टाकावे लागतील." मी वर्तमानपत्र खाली ठेवले. पडणे आणि मरणे यांत अंतर ठेवणारा हा नियम काय आहे, याचा त्या दिवसापासून मी शोध घेऊ लागलो.

या खेळाचे मूळ युद्धाच्या खेळात आहे. प्रशियाच्या सैन्यात १८२४ साली राइसवित्स नावाच्या लेफ्टनंटाने अधिकाऱ्यांच्या शिक्षणासाठी नकाशावरील युद्धाचा खेळ प्रसिद्ध केला. त्यात फासे टाकून पलटणीची हानी ठरवीत. अर्थात तेथे मरण म्हणजे बेरीज-वजाबाकी. मेलेल्या शिपायाला नाव नसे. पुढे अमेरिकेत हौशी मंडळी असे खेळ घरोघर खेळू लागली, आणि १९७१ साली गॅरी गायगॅक्स व जेफ पेरेन यांनी 'चेनमेल' नावाचे मध्ययुगीन लढाईचे नियम छापले. यातही सामान्य शिपायावर नेम बसला की तो गेला. मिनेसोटा राज्यातील डेव्ह आर्नेसन या गृहस्थाने या पलटणी मोडून प्रत्येक खेळाडूच्या हाती एकच वीर दिला, आणि येथेच पंचाईत झाली. पलटणीतला एक शिपाई पडला तर पडला. परंतु ज्याच्याजवळ एकच माणूस आहे त्याचा तो माणूस एका फाशासरशी जावा, हे कोणास रुचेना.

आर्नेसनने यावर जो तोडगा काढला तो त्याने पुढे स्वतःच सांगितला आहे. त्याच्यापाशी आरमारी लढाईचे नियम होते. जहाज एका गोळ्याने बुडत नाही. ते अमुक इतके आघात सोसते आणि मग तळाशी जाते. तोच हिशेब त्याने माणसाला लावला. यांनाच 'हिट पॉइंट' म्हणतात. घाव बसला की आकडा कमी होतो, औषधोपचाराने वाढतो. १९७४ साली गायगॅक्स आणि आर्नेसन यांनी 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या नावाने खेळ प्रसिद्ध केला त्यात हे गुण होते, आणि आज संगणकावर खेळणाऱ्या आपल्या मुलांच्या पडद्यावर प्राण दाखविणारी जी तांबडी पट्टी दिसते तीही याच वंशातली. माणसाला जहाजाचे मरण मिळाले, हा या विद्येतला पहिला शोध.

तथापि पहिल्या नियमांत शून्य म्हणजे मरण, मध्ये काही नाही. लवकरच नवशिक्या जादूगाराला चार बाजूंच्या फाशावर जो आकडा पडेल तेवढेच हिट पॉइंट मिळू लागले. म्हणजे चारांत एकदा, एकच. अशा जादूगाराला घरची मांजरही मारील, असा या मंडळींत जुना विनोद आहे. तेव्हा लोक पात्रावर फार जीव लावीत नसत. पहिल्या दोन-तीन पातळ्या पार करून जगला तर त्याला धड नाव द्यावे, असाही प्रघात काही ठिकाणी होता. गायगॅक्सने १९७५ साली एका संमेलनात 'टूम ऑफ हॉरर्स' नावाचे एक थडगे खेळविले. ते १९७८ साली छापून निघाले. त्यात भिंतीवर एक हिरवे राक्षसी तोंड आहे. त्या उघड्या जबड्यात जो उतरला तो समूळ नाहीसा झाला; फासा नाही, दयामाया नाही. ही शुद्ध गामिनी होय. ज्यांना ती आवडते त्यांचे म्हणणे असे की मरणाची खरी भीती असेल तरच अक्कल चालते. त्यांचे म्हणणे खोटे नाही. परंतु भीती फार झाली की माणूस दार उघडण्यापूर्वी पाऊण तास दहा फुटी काठीने फरशी ठोकीत बसतो, आणि त्या संध्याकाळी कथा उंबऱ्यावरच राहते.

१९७९ साली गायगॅक्सने सूत्रधारांसाठी जे मोठे पुस्तक लिहिले त्यात एक नवी फट उघडली. शून्यावर आलेला माणूस मरत नाही, बेशुद्ध पडतो. मग दर फेरीला त्याचा एकेक गुण ओसरत जातो आणि उणे दहाला तो मरतो. मधल्या काळात कोणी धावून जाऊन जखम बांधली तर तो वाचतो. मात्र शुद्धीवर आल्यावरही त्याला आठवडाभर विश्रांती घ्यावी लागे. त्या नियमांत एक फेरी एक मिनिटाची होती. म्हणजे पडलेल्याला दहा मिनिटे मिळत. २००० सालच्या तिसऱ्या आवृत्तीत फेरी सहा सेकंदांची झाली. उणे दहा तेच राहिले, परंतु त्या दहा मिनिटांचे जेमतेम एक मिनिट उरले. आकडा जागच्या जागी ठेवून नियम दसपट कठोर झाला, आणि कित्येकांच्या ते ध्यानातही आले नसेल.

हा जो पडणे आणि मरणे यांमधला अवधि, तो मला या सगळ्या शास्त्राचा गाभा वाटतो. शून्याला मरण होते तोवर मरण ही पडणाऱ्याची एकट्याची गोष्ट होती. अवधि निर्माण होताच ती सर्वांची झाली. आता टेबलाभोवतीच्या प्रत्येकापुढे प्रश्न उभा राहतो : मी माझी लढाई सोडून त्याच्याकडे जाऊ की नको? नियम मरणाऱ्याविषयी आहे असे दिसते, पण खरी परीक्षा उभे असलेल्यांची होते.

२००८ सालच्या चौथ्या आवृत्तीत फासे आले आणि २०१४ च्या पाचव्या आवृत्तीत त्यांना आजचे रूप मिळाले. २०२४ च्या सुधारित पुस्तकातही तेच चालू आहे. पात्र शून्यावर पडले की त्याची पाळी येईल तेव्हा त्याने वीस बाजूंचा फासा टाकावयाचा. दहा किंवा अधिक पडले तर एक यश, कमी पडले तर एक अपयश. तीन यशे आधी झाली तर रक्त थांबले, तो बेशुद्ध पण स्थिर. तीन अपयशे आधी झाली तर संपला. वीसचा आकडा पडला तर तो एका हिट पॉइंटावर डोळे उघडतो. आणि एक पडला तर ती दोन अपयशे धरावयाची. पडलेल्यावर कोणी पुन्हा वार केला तर तेही अपयश. कोणी मदतीस आले नाही आणि कोणी आणखी मारलेही नाही, असे धरून मी एका दुपारी पाटीवर गणित केले, तेव्हा शंभरांत सुमारे साठ वेळा माणूस जगतो असे निघाले. साठ आणि चाळीस. विमा कंपनीचा कारकून यावर पॉलिसी देणार नाही, परंतु धाडसी तरुणाला साठ हा आकडा फार मोठा वाटतो.

या नियमात दोषही आहे. पडलेल्याला कोणी दुरून एका शब्दाने एक गुण जरी परत दिला, तरी तो पूर्ववत उठून तलवार चालवू लागतो. त्यामुळे पाण्यात दाबलेल्या भोपळ्यासारखी माणसे खाली-वर होत राहतात, आणि चतुर खेळाडू मित्र पडेपर्यंत औषध राखून ठेवतात, कारण पडण्यापूर्वी दिलेले औषध वाया जाते! हा हिशेब बरोबर आहे, आणि किळसवाणाही आहे. 'पाथफाइंडर' या दुसऱ्या खेळाच्या २०१९ च्या आवृत्तीने यावर चांगला उपाय केला. तेथे एकदा पडून उठलेल्याच्या अंगावर जखमेची खूण राहते, आणि तो पुन्हा पडला की मरणाच्या तेवढा अधिक जवळ पडतो. माझ्या मते हे अधिक खरे आहे. मरणाच्या दारातून परत आलेला माणूस न गेलेल्यासारखा कसा असेल?

बाकीच्या खेळांनी निरनिराळ्या वाटा काढल्या त्या धावत्या सांगतो. १९७७ च्या 'ट्रॅव्हलर' या अंतराळप्रवासाच्या खेळात पात्राची पूर्वीची नोकरी चार-चार वर्षांच्या टप्प्यांनी फाशांवर ठरवीत, आणि तीत प्राण वाचला नाही तर पात्र खेळ सुरू होण्यापूर्वीच मरे. कागद फाडावा आणि दुसरा घ्यावा. १९८१ च्या 'कॉल ऑफ कथुलू' या खेळात शरीराआधी बुद्धी जाते, तिचे गुण वेगळे मोजतात. २००५ च्या 'ड्रेड'मध्ये फासाच नाही. लाकडी ठोकळ्यांचा मनोरा आहे, कठीण प्रसंगी त्यातला एक ठोकळा ओढावयाचा, आणि ज्याच्या हातून मनोरा कोसळला त्याचे पात्र गेले. स्वतः होऊन मनोरा पाडणाऱ्याला मात्र वीरमरण मिळते. २०१५ च्या 'टेन कँडल्स'मध्ये दहा मेणबत्त्या लावून बसतात, आणि शेवटची विझेपर्यंत सर्व पात्रे मरणार हे आरंभीच सर्वांना ठाऊक असते.

२०१२ च्या 'डंजन वर्ल्ड'पाशी मात्र थोडे थांबले पाहिजे. त्यात मरणारा सहा बाजूंचे दोन फासे टाकतो. दहा किंवा अधिक पडले तर तो निसटला; सहा किंवा कमी पडले तर गेला. सात, आठ, नऊ पडले तर प्रत्यक्ष मृत्यू त्याच्यापुढे उभा राहून एक सौदा मांडतो : जगावयाचे असेल तर अमुक दे. आपल्याला हे काही परके वाटणार नाही. सावित्रीच्या कथेत यम आणि सावित्री यांचे बोलणे सगळे यावरच तर चालते. फरक इतकाच की तेथे मागणारी मागे राहिलेली आहे, येथे मरणाऱ्यालाच घासाघीस करावी लागते.

आता पुन्हा जिवंत करण्याविषयी. शुक्राचार्यांच्या संजीवनीची गोष्ट सर्वांस ठाऊक आहे. कच दोनदा सहज उठला; तिसऱ्या वेळी तो गुरूच्या पोटात होता, आणि त्याला उठवावयाचे तर गुरूने मरावयाचे, अशी गाठ पडली. विद्येला किंमत आली तेव्हाच ती गोष्ट झाली. या खेळातल्या पहिल्या पुस्तकांनाही हे कळत होते. जुन्या नियमात प्रत्येक पुनर्जन्मागणिक पात्राच्या शरीरप्रकृतीचा एक गुण कायमचा जाई, आणि ती क्रिया साधेल की नाही यासाठीही फासे टाकावे लागत. २०१४ च्या नियमांत मेल्यापासून एका मिनिटाच्या आत असेल तर तीनशे मोहरांचे हिरे लागतात. दहा दिवसांच्या आत असेल तर पाचशे मोहरांचा एक हिरा. प्रकृतीच्या जागी सराफाचे दुकान आले. श्रीमंत टोळीला मरण म्हणजे एक खर्चाची बाब होते, हे मला फारसे आवडत नाही. परंतु त्याच नियमात एक अट दडलेली आहे, तिच्यासाठी मी सगळे माफ करावयास तयार आहे. मेलेल्याच्या आत्म्याची परत येण्याची इच्छा असावी लागते. म्हणजे त्याला विचारावे लागते. ते उत्तर सूत्रधार देत नाही आणि फासाही देत नाही.

राहता राहिला सूत्रधार. तो आपले फासे पुठ्ठ्याच्या आडोशामागे टाकतो, तेव्हा खोटा आकडा सांगून एखाद्याला वाचविणे त्याच्या हाती असते. गायगॅक्सनेच १९७९ च्या पुस्तकात म्हटले आहे की नीट खेळलेल्या माणसाचे पात्र केवळ दुर्दैवाने मरत असेल तर सूत्रधाराने त्याला बेशुद्ध करावे, हात किंवा डोळा घ्यावा, पण प्राण घेऊ नये. जो मूर्खपणाने मेला त्याचे मात्र फासे पडतील तसे पडू द्यावेत. सल्ला दयाळू आहे. परंतु असे एकदा झाल्याचे कळले, आणि असल्या गोष्टी कळल्यावाचून राहत नाहीत, की मागच्या सगळ्या सुटका संशयास्पद होतात. आमच्याकडच्या सूत्रधाराने याबद्दल आपला निकाल पूर्वीच करून ठेवला होता : प्राणावर बेतलेले सगळे फासे टेबलाच्या मधोमध, सर्वांदेखत पडावयाचे.

तर त्या शनिवारी रेवा पुलावर पडली होती. पलीकडे गावाची वेस, आणि तिच्यातून चाळीस माणसे बाहेर पडावयाची होती. भाचीने पहिला फासा टाकला : चौदा. एक यश. सर्वांनी श्वास सोडला. तिच्या सर्वांत जवळ जो होता त्याचे पात्र वेशीचा दरवाजा खांद्यावर तोलून उभे होते. त्याने सोडला तर दरवाजा पडणार. तो मुलगा स्थापत्याचा विद्यार्थी, हिशेबी. तो म्हणाला, "मी थांबतो. अजून वेळ आहे." भाचीने दुसरा फासा टाकला : सात. एक अपयश. तो पुन्हा म्हणाला, "अजून दोन हवेत. एक फेरी थांबतो, मग धावतो." हिशेब चुकला होता असे मी म्हणणार नाही. तिसऱ्या वेळी फासा टेबलाच्या कडेपर्यंत घरंगळत गेला, थांबला, आणि वर एक होता.

एकाची दोन अपयशे. मागचे एक धरून तीन.

खेळातल्या मोजणीने फार तर अठरा सेकंद झाले होते. आमच्या भिंतीवरच्या घड्याळात अर्धा तास. भाचीने पेन्सिल खाली ठेवली आणि ती आत निघून गेली. तो मुलगा कोणाशी काही बोलला नाही. त्याने आपल्या कागदावर पाहिले, पुन्हा फाशाकडे पाहिले, आणि फासा उचलून जागेवर ठेवला. चाळीसच्या चाळीस माणसे वेशीतून सुखरूप बाहेर पडली, हे सूत्रधाराने सांगितले तेव्हा कोणी ऐकत होते असे मला वाटत नाही.

पुढच्या शनिवारी त्या चौघांनी आपली घोडी, एक सोन्याची मूर्ती आणि त्या मुलाच्या पात्राची वडिलोपार्जित ढाल विकून हिरा मिळविला. खेळातले सहा दिवस लोटले होते, मुदत दहांची. देवळातल्या पुजाऱ्याने मंत्र म्हटला. मग सूत्रधार भाचीकडे वळला आणि त्याने विचारले, "रेवा परत येते का?"

मी दारात उभा होतो. तिने त्या मुलाकडे पाहिले आणि म्हणाली, "नाही. तिला सांगा, ढाल सोडवून घ्या म्हणावे." सूत्रधाराने हे नीट ऐकून घेतले आणि पुजाऱ्याच्या तोंडून जसेच्या तसे सांगितले. हिरा जळला नाही. तो त्यांच्याजवळच राहिला.

रात्री मी तिला विचारले, "अग, येऊ द्यायचे होते तिला. सगळ्यांनी एवढे केले."

ती भांडी पुसत होती. म्हणाली, "मामा, तो दरवाजा धरून उभा राहिला ते मला आवडले होते. रेवानेही तेच केले असते. आता ती परत आली, तर तो जन्मभर तिची माफी मागत बसेल."

रेवाचा कागद तिने कपाटात माझ्या जुन्या पासबुकांखाली ठेवला आहे. त्याच्या पुढच्या शनिवारी ती एक कोरा कागद घेऊन बसली आणि नव्या पात्रासाठी सहा बाजूंचे चार फासे टाकले, सर्वांत लहान एक वगळून बाकीच्या तिघांची बेरीज केली. ताकद आली सात. सगळे खो खो हसले, आणि तो मुलगा सर्वांत मोठ्याने.